बहादरपूरची पार्टी

टेपचं एक टोक कोकिळाबाईंनी भिंतीशी दाबून धरलं आणि दुसरं टोक घेऊन हिमानी गोदामाच्या पार पलीकडे गेली.

"किती भरलं?"

"बेचाळीस फूट, काकू. मागच्या वेळीही बेचाळीसच होतं."

"पुन्हा एकदा पाहून घेतलेलं बरं ना."

हिमानीने वहीत आकडा पुन्हा लिहिला. गोदाम बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या टोकाला, केळीच्या बागांना लागून होतं. कोकिळाबाईंचे यजमान चुडामणशेठ होते तोवर इथून रोज ट्रक भरून दिल्लीकडे जात. ते गेल्याला तीन वर्षं झाली. मुलगा ललित कॅनडात. बाईंनी आता याच जागेत केळी पिकवण्याच्या थंड खोल्या बसवायचं मनावर घेतलं होतं, आणि हिमानीची कंपनी नेमकं तेच विकत होती. चार खोल्या, आतली सगळी यंत्रणा, बासष्ट लाख, बँकेचं कर्ज काढून.

हिमानी मूळची धुळ्याची. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये तिने सहा वर्षं रेफ्रिजरेशन शिकवलं, कंत्राटावर, दर जूनला नव्याने अर्ज करत. मग पुण्याच्या या कंपनीची जाहिरात आली : मशीन समजणारी आणि समजावून सांगता येणारी माणसं हवीत. पगार दुपटीहून जास्त, गाडी, शिवाय प्रत्येक ऑर्डरवर टक्केवारी. वर्षभरात लोक फ्लॅट घेतात, असं मुलाखतीत सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त बुऱ्हाणपुरात लालबागच्या भाड्याच्या खोलीत राहायला आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दिवसभरात वीस जणांशी बोलूनही आपलं कुणाशी बोलणं झालेलं नसतं. व्यापारी चहा पाजत, माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवत आणि पुढे फोन उचलत नसत.

कोकिळाबाई उचलत. स्वतःहूनही करत. प्रत्येक वेळी नवी शंका असे. लाइट गेली तर थंडावा किती तास टिकेल? कोवळा आणि निबर माल एकाच खोलीत लावला तर? पिकवायच्या गॅसचा सेन्सर बिघडला तर आपल्याला कळणार कसं? शंका बिनकामाच्या नसत. हिमानी खोलीवर जाऊन मॅन्युअल काढायची, पुण्याच्या इंजिनिअरांना भंडावून सोडायची आणि उत्तर घेऊन यायची. उत्तर ऐकून झालं की बाई ताट वाढत. वरण-बट्टी, कधी शेवभाजी. जेवताना मशीनचं नाव निघत नसे. बाई ललितच्या लहानपणाच्या खोड्या सांगत. एकदा हिमानीने आईच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं. घास हातात तसाच राहिला होता. बाईंनी तिच्या बट्टीवर आणखी तूप घातलं.

"ती बहादरपूरची पार्टी टाइमपास आहे," असं तिचा मॅनेजर ऋषिकेश दर आठवड्याला फोनवर म्हणायचा. "सोडून दे."

तिने सोडलं नव्हतं.

"काकू," टेप तसाच ताणून धरत ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं. एकतीस तारखेला नोकरीला माझे सहा महिने पुरे होतात. तोवर एक तरी ऑर्डर लागते. नाही मिळाली तर मी धुळ्याला परत."

कोकिळाबाई टेपचं टोक धरूनच तिच्याकडे वळल्या.

"तुम्ही घाई करावी म्हणून नाही सांगत. तुमचं सावकाश चालू द्या. पुढच्या वेळी दुसरं कुणी येईल, एवढंच."

बाईंच्या हातून टोक सुटलं. टेप सरसरत हिमानीच्या हातातल्या डबीत गेला.

"हे तू आधी काऊन नाही सांगितलं?"

"गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं."

बाई घरात गेल्या आणि ऑर्डरच्या कागदांची फाइल घेऊन आल्या. एरवी त्या एकेक ओळ चष्मा लावून वाचत. आज उभ्याउभ्याच, रिकाम्या क्रेटवर कागद टेकवून त्यांनी हिमानी दाखवेल तिथे सह्या केल्या.

"पण बँकेचं कर्ज व्हायचंय ना अजून?" हिमानीने विचारलं.

"झालंय. कागद आहे फाइलीत."

हिमानीने अंगणात येऊन ऋषिकेशला फोन लावला. तो इतका हसला, की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, आता तिकडे परत जायची गरज नाही, पुढचं बसवणारे बघतील. सोमवारपासून तुला आणंदचा भाग. तिथे मोठ्या पार्ट्या आहेत.

"काय म्हणाले साहेब?" कोकिळाबाई दारात उभ्या होत्या.

"खूश झाले. मला गुजरातेत पाठवतायत, सोमवारपासून."

"मोठं काम मिळालं तर. चांगलं झालं." बाई पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते. "मग मशीन बसवायला?"

"इंजिनिअर येतील. चांगली माणसं आहेत."

"बरं. त्यांनाच कळणार त्यातलं."

'जेवून जाजो' असं बाई आज म्हणाल्या नाहीत, हे हिमानीला गाडीत बसल्यावर जाणवलं. तिने एसी सुरू केला आणि ऑफिसला फोटो पाठवायचा म्हणून फाइलीतला बँकेचा कागद बाहेर काढला. मंजुरीची तारीख अकरा जानेवारी होती. आज मार्चची सव्वीस.

तिने पुन्हा वाचलं. अकरा जानेवारीनंतर ती इथे पाच वेळा आली होती. लाइटची शंका फेब्रुवारीतली. सेन्सरची होळीच्या आदल्या दिवशीची.

तिने गाडी बंद केली आणि कागद सीटवरच ठेवून खाली उतरली.

स्वयंपाकघरात कोकिळाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. गॅस पेटवलेला नव्हता. पावलं ऐकून त्या वळल्या.

"काही राहिलं का, बेटा? सही चुकली?"

"नाही. सगळं बरोबर आहे."

"मग?"

हिमानी उंबऱ्याशी वाकून सँडलचा पट्टा सोडत होती.

"काम काही नाही, काकू," ती म्हणाली.