खऱ्या माराचा आवाज

काकडी मोडली. मनगट... नाही, मनगट इतकं पाणीदार वाजत नाही. बोटं, फार तर दोन बोटं, तीही एखाद्या किरकोळ माणसाची. पुढच्या सीटवरच्या डॉक्टरने मागे न बघताच अर्धी काकडी मागे केली आणि मागच्या सीटवरून त्याने ती घेतली, पण खाल्ली नाही, मोडलेल्या टोकावरून नुसता अंगठा फिरवत राहिला. बर्फात पडून ती जरा जास्तच कडक झाली होती, आणि कडक काकडी खोटी वाजते. ओल्या फडक्यात गुंडाळून, माइक अगदी जवळ आणून सावकाश पिळली तर कोपर होईल. झटक्यात मोडली तर नुसतीच काकडी. इतकी वर्षं तो सिनेमातल्या माणसांची हाडं मोडत आला होता. पडद्यावर नट हवेत हात फिरवायचे, समोरचा मान झटकायचा, आणि त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत हा एका बंद खोलीत बसून कोबीचे गड्डे, गाजरं, जुनी चामडी पिशवी, भिजवलेले हातमोजे असं काय काय आपटून मार भरायचा. मार द्यावा तर यानेच, असं स्टुडिओत सगळे म्हणत. बायको म्हणे, तुला भाजीला पाठवायची सोय नाही, दाबून बघायचं सोडून माना मुरगळून बघतोस.

निघायचं काही ठरलं नव्हतं. त्या तिघा मित्रांचं कधीच ठरत नसे. वसतिगृहापासूनचा रिवाज असा, की ज्याला जावंसं वाटेल त्याने दुसऱ्याच्या खिडकीखाली येऊन हॉर्न दाबून धरायचा आणि वरच्याने अंगावर असेल त्या कपड्यांत खाली उतरायचं. कुठे, कशाला, परत कधी... विचारलं तो बाद. तर आज शनिवारी सकाळी हॉर्न वाजला, हा घरातल्या चपला आणि बटण तुटलेला शर्ट अशा थाटात उतरला, खिशात नेहमीसारखा रेकॉर्डर होताच. "कुठे?" बायकोने आतून विचारलं. "आलोच." "आलोच म्हणजे उद्या रात्री," ती म्हणाली आणि हसली. ती हसते तेव्हा घशात एक बारीक हिसका असतो. तिचं हसणं त्याला फार आवडतं, आणि आपण ते हसणं म्हणून ऐकतो की आवाज म्हणून, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

दुसरा रिवाज त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता. त्यांच्यात त्याचं नाव कानसेन. कानसेनने तळवा वर केला की जो जिथे असेल त्याने तिथे पुतळा व्हायचं, कारण कानसेन काहीतरी टिपतोय. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एकदा मास्तर, आत्ता गाडी चालवणारा, पायात रुतलेल्या काट्यासकट उभा राहिला होता. डॉक्टरने शिंक दाबून धरली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्टुडिओत त्याला कोणीही हाक मारून कामाला लावी, घरी त्याचं मत चहाच्या साखरेपुरतं, पण या दोघांत त्याचा शब्द चाले. शब्दही नाही, नुसता तळवा. मघाशीच वाळलेल्या गवताची सळसळ ऐकून त्याने हात वर केला होता आणि मास्तरने भर रस्त्यात इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून दिली होती, मागून ट्रक ओरडत असताना. त्याला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. सत्ता असलेल्या माणसांना बहुधा असंच वाटत असावं.

मास्तर आज मात्र वेडावाकडा चालवत होता. तो शाळेत व्यायाम शिकवायचा. मान जाड, हात फावड्यासारखे, आणि मन, डॉक्टरच्या शब्दांत, पापडाचं. त्याची बायको कित्येक महिने माहेरी जाऊन बसली होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं, विचारलं तो बाद या नियमात तेही बसत होतं. पुढे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो शिव्या घालत होता, आणि डॉक्टर — गुरांचा डॉक्टर, बिथरलेल्या जनावरापाशी कसं उभं राहावं हे हाताला ठाऊक असलेला — त्याच्या खांद्यावर अधूनमधून नुसता हात ठेवत होता.

"तलावात उतरलो की बघ, निवशील," डॉक्टर म्हणाला.

"मी तापलोय कुठे?" मास्तर म्हणाला आणि गियर असा टाकला की गाडी कण्हली.

पंपावर थांबले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मास्तर चाकात हवा भरायला गेला, डॉक्टर पाण्याच्या बाटल्या आणायला. पंपामागे पत्र्याची शेड होती आणि तापलेला पत्रा आपोआप कडकत होता... टण्, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टण्. असलं काही सापडलं की त्याला राहवत नसे. त्याने रेकॉर्डर चालू करून शर्टाच्या खिशात, तोंड वर करून, ठेवला आणि तळवा उंचावला. मास्तर हवेची नळी हातात घेऊन थांबला. पलीकडे डॉक्टर बाटल्या छातीशी धरून थांबला. टण्. त्याने हात खाली घेतला, आणि तेवढ्यात शेडच्या मागून दुसराच आवाज आला.

लहान. सपाट. सिनेमात हा दिला असता तर दिग्दर्शकाने परत पाठवला असता, हे काय, कोणी डास मारला का? सिनेमातली थप्पड फटाक्यासारखी फुटते, म्हणून लोकांना खरी ओळखू येत नाही. खरी थप्पड मळलेल्या कणकेचा गोळा ओट्यावर टाकावा तशी वाजते आणि तिच्यामागून शांतता येते. ती शांतता त्याला स्टुडिओत कधीच जमली नव्हती. शेडच्या कोपऱ्यावरून त्याला दिसलं: एक मोटारसायकल, तिच्याजवळ उभा असलेला सडसडीत माणूस, आणि गालाला हात न लावता, पिशवी तशीच धरून उभी असलेली बाई.

"मास्तर," तो म्हणाला, "ही खरी आहे."

इतकंच. बघ जरा, असं म्हणता आलं असतं. जाऊ दे म्हणता आलं असतं, ओरडता आलं असतं, स्वतः चार पावलं चालता आलं असतं. तो इतकंच म्हणाला, आणि मास्तरने नळी टाकली.

"काय रे, बाईवर हात टाकतोस?"

"बायको आहे माझी. तू तुझी सांभाळ."

त्या माणसाला बिचाऱ्याला काय ठाऊक. रस्त्यावर कोणीही कोणाला म्हणतं तसं तो म्हणाला, पण ते नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं.

मास्तरचा पहिला ठोसा कानसेनला आवडला, खोटं कशाला बोला. त्या ठोशासरशी त्याच्या आत कसलीतरी कडी निघाली — लहानपणची आतली खोली, अंधार, दाराच्या फळीला टेकलेला कान. "कान झाक हं," आई आधीच सांगायची, दूध उतू जाईल, लक्ष ठेव, असं सांगावं तसं, आणि तो दोन्ही हात कानांवर ठेवायचा, पण बोटं सैल सोडायचा. उघडा हात, उलटा हात, मूठ, सगळे त्याला वेगवेगळे ओळखू यायचे. आई हूं की चूं करायची नाही, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मग शेवटी उरायचा तो बापाचा श्वास, चार मजले चढून आल्यासारखा, फुललेला, शिट्टी मारणारा... त्या श्वासाची त्याला मारापेक्षा भीती वाटायची. आपल्याला कधी असा श्वास लागू नये, एवढं एकच त्याने आयुष्यात देवाकडे मागितलं होतं, आणि म्हणून त्याने कधी कोणावर हात उचलला नाही, ना बायकोवर, ना कुत्र्यावर. कोबीवर काय तो उचलला.

दुसरा ठोसा जबड्यावर. तिसरा कुठे ते दिसलं नाही, ऐकू आला. माणूस खाली बसला, मग आडवा झाला, आणि मास्तर त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारत राहिला, आता रागानेही नाही, लाकूड फोडावं तसा, एक, मग दम, मग एक. बाईच्या हातून पिशवी पडली. "सोडा त्यांना! अहो, सोडा! मरतील ते!" ती मास्तरच्या पाठीवर बुक्क्या मारत होती आणि त्या बुक्क्यांचा काहीच आवाज येत नव्हता, आणि खालच्या माणसाच्या तोंडात रक्त आल्यावर ठोशाचा आवाज बदलला, ओला झाला, आणि हा... हा शेडच्या कोपऱ्यावर मान किंचित कलती करून उभा होता.

डॉक्टर धावला. बाटल्या टाकूनच धावला. त्यातली एक घरंगळत आली, पत्र्यावर आपटली, आवाजात आवाज मिसळला... याच्या कपाळाला आठी पडली आणि हात वर गेला. तळवा उघडा, बोटं जुळलेली.

डॉक्टर थांबला. एक पाय पुढे, तोंड उघडं, अगदी पुतळा. इतक्या वर्षांची सवय. पायांनी डोक्याला विचारलंच नाही. मास्तरची पाठ होती, त्याला काही दिसलं नाही, तो मारत राहिला. आणि भर दुपारी, पंपामागच्या त्या मोकळ्या जागेत, एक बाई सोडून सगळे गप्प होते. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. डॉक्टरने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो "शी!" म्हणाला, बिथरलेल्या बैलाला मागून धरावं तसा मास्तरच्या गळ्यात हात घालून त्याने त्याला ओढून काढलं, आणि तेव्हा कुठे याचा हात खाली आला.

पुढचं सगळं गाडीने केलं. हा चालवत होता. मागे बाईच्या मांडीवर त्या माणसाचं डोकं, डॉक्टर त्याचा जबडा दोन्ही हातांनी धरून बसलेला, पुढे मास्तर, सुजलेल्या मुठी मांडीवर ठेवून.

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" बाई सारखी म्हणत होती. "मी बोलावलं होतं का? कमावता माणूस माझा. मी बोलावलं होतं का तुम्हाला?"

"मी तिच्यावर कधी हात नाही उचलला," मास्तर काचेकडे बघत म्हणाला. "विचार कोणालाही." खऱ्या माराचा आणि खोट्या माराचा फरक याला झोपेत कळला असता, हे वाक्य खरं की खोटं, ते मात्र कळलं नाही.

दवाखान्यात माणसाला आत नेलं. जगेल, जबडा तुटलाय, असं सांगितलं. पोलिसांना कळवलं आहे, त्यांना पाऊण तास लागेल, असंही सांगितलं. मास्तर पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. डॉक्टर हात धुऊन आला, बाह्यांवरचं रक्त तसंच होतं.

"तू हात का वर केलास?"

"थांबवायला."

"कुणाला?"

त्याने पायरीवरच्या मास्तरकडे बघितलं.

"मास्तरची पाठ होती तुझ्याकडे," डॉक्टर म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुझा हात दिसत होता तो मला एकट्याला."

"मी ओरडलो होतो रे. बस म्हणून ओरडलो होतो मी."

"मला नाही ऐकू आलं," डॉक्टर म्हणाला आणि आत निघून गेला.

ओरडलो होतो. घशाला आठवत होतं ते, घसा अजून दुखत होता. तो उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला, काचा बंद केल्या, इअरफोन लावले. रेकॉर्डर सगळा वेळ चालू होता, म्हणजे पुरावा खिशातच होता. बस्स, एक 'बस' सापडलं की ते डॉक्टरच्या कानाशी धरायचं. पत्रा कडकला. थप्पड आली. आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, मास्तर, ही खरी आहे... इतका मऊ, एखादं चांगलं गाणं लागल्यावर शेजारच्याला हळूच सांगावं तसा. मग ठोसे, लांबून, अस्पष्ट. बाईचं ओरडणं. बाटली. त्याने आवाज पूर्ण वाढवला. 'बस' नव्हतं. मागे घेऊन पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं, कुठेच नव्हतं. पण माइकच्या अगदी जवळ, सगळ्या ठोशांच्या पुढे, दुसरं काहीतरी होतं, ते तो इतका वेळ वाऱ्याची खरखर समजत होता. तो त्याचा श्वास होता. आत, बाहेर. आत, बाहेर. ओला ठोसा आला तिथेही लय चुकली नव्हती. गाढ झोपलेल्या माणसाचा चालतो तसा, तृप्त.

मारणाऱ्याचा श्वास फुलतो. पायरीवर मास्तरचा अजून फुललेला होता, काचेतूनसुद्धा दिसत होता. बापाचासुद्धा फुलायचा, काहीतरी लागत होतं म्हणजे त्यालाही, कुठेतरी. माझा नव्हता फुलला. मी आयुष्यभर एका आवाजाला भीत राहिलो, आणि माझ्यात तो कधी नव्हताच, माझ्यात हा होता.

त्याने इअरफोन काढले. गाडीची भट्टी झाली होती, पाठीवरून घाम ओघळत होता, तरी त्याने काच खाली केली नाही. श्वास जोरात घेऊन बघितला. दोन-तीन वेळा छाती मुद्दाम वरखाली केली, पण ते त्यालाच खोटं वाजलं आणि सोडून दिल्याबरोबर श्वास मुकाट्याने आपल्या चालीवर परत आला. मग त्याला भीती वाटली, खरी, पहिल्यांदाच स्वतःची... आणि तीसुद्धा तो, मान किंचित कलती करून, अगदी शांतपणे ऐकत राहिला.