मेमसाहेबांची निळी प्लेट

मला शहाणपणा मिरवायची खोड आहे. घरचे त्याला कौतुकाने हुशारी म्हणतात, म्हणून ती लवकर सुटली नाही.

घाटकोपरला आमच्या शेजारी सीतारामकाका राहतात. मूळचे मालवणकडचे, मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर तारेने टांगलेली एक प्लेट असे. पांढऱ्यावर निळं चित्र, पूल, वाकलेलं झाड, वर दोन पक्षी. काकांची आई मिलच्या इंग्रज मॅनेजरकडे भांडी घासायची. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा मेमसाहेबांनी ती प्लेट तिच्या हातात दिली. आल्यागेल्याला काका हे सांगत. जन्मभर लोकांचं खरकटं काढलेल्या बाईला कुणी मानाने दिलेली ती एकच वस्तू होती.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी नुकतीच इंटिरिअर डिझाइनच्या कोर्सला जायला लागले होते. काकांनी पाहुण्यांना गोष्ट सांगायला घेतली आणि मी मध्येच तोंड घातलं.

"काका, हे इंग्लिश नाही हो. तो पॅगोडा बघा ना, होडी बघा. सरळ सरळ चायनीज आहे. आजींनी बाजारातून घेतली असेल कुठून तरी."

"म्हणजे आजीने फेकाफेकी केली," त्यांचा भाचा विकी म्हणाला. सगळे हसले. काकाही थोडे हसले. मी आणखी जरा पॅगोड्यावर बोलले आणि प्रसाद घेतला. तेव्हा मला भारी वाटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

या जूनमध्ये वर्गात मॅडमनी स्क्रीनवर तोच पूल दाखवला. तेच झाड, तेच पक्षी. युरोपात चिनी भांड्यांचं वेड होतं, म्हणून इंग्लंडच्या कारखान्यांनी स्वतःच रचलेलं ते चित्र. काढणाऱ्यांनी चीन बघितलाही नव्हता. तिकडे घरोघरी त्या प्लेटा असत. माझे कान तापले. वर्गात कुणाला काही ठाऊक नव्हतं, तरी मला मान वर करता येईना.

संध्याकाळी काकांकडे गेले. भिंतीवर नुसता खिळा होता. प्लेट बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली सापडली. ती नळाखाली धुतली, मागची माती नखाने काढली. निळ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मेड इन इंग्लंड'. त्या दिवशी मी ती फक्त उलटून बघायला हवी होती.

काकांना अक्षरं वाचून दाखवली. म्हटलं, "काका, माझं चुकलं. आजी खरं बोलत होत्या."

काका खुर्चीत बसले. प्लेट मांडीवर घेतली.

"पूजा आटोपल्यावर सगळे गेले ना, तेव्हा मी आवशीच्या फोटोसमोर उभो रवलंय," ते म्हणाले. "तिका खोटारडी म्हटलंय. जन्मभर फसवलंस म्हटलंय."

"मला माफ करा, काका."

"माका काय सांगतंस?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मला हाताला धरून त्यांनी आतल्या खोलीत नेलं आणि फोटोसमोर उभं केलं. "तिका सांग."

मी हात जोडले. "आजी," म्हटलं. आधार म्हणून काकांकडे बघितलं तर ते खाली मान घालून उभे होते. माझ्यामुळे त्यांनाही स्वतःच्या आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.