बसमावशी निघाल्या

आमच्या वॉर्डातून पेशंट पळतो तो सहसा बरं वाटायला लागल्यावर. ताप उतरला, ठणका थांबला, की त्याला एकदम घरी गॅस चालू राहिल्याची आठवण होते. कुणाला गादी टोचते, कुणाला शेजारणीचं घोरणं सहन होत नाही, आणि एका बाईंनी तर मला तोंडावर सांगितलं होतं, "सिस्टर, तुमचा आवाज ऐकला की माझं बीपी वाढतं." मी या वॉर्डची मोठी सिस्टर. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळं हॉस्पिटल जाणतं, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. पण 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जात आहे' या ओळीखाली कुणी सही केली, की माझा तो दिवस वाईट जातो. अर्धवट बरं झालेलं माणूस दारातून बाहेर पडताना मला बघवत नाही. म्हणून मी आधी भांडते, मग विनवते, मग परत भांडते.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईंना आम्ही बसमावशी म्हणायचो. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं आणि उतरवायचं हे त्यांचं काम. बस चालवायचे त्यांचे यजमान. मावशींना साखरेचा आजार, त्यात चप्पल चावून टाचेला जखम झाली. 'होईल बरी' म्हणत त्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला आणि शेवटी पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन टरारून सुजला. आल्या दिवशी आमच्या डॉक्टरबाईंनी लाली जिथपर्यंत चढली होती तिथे पेनाने रेघ मारून ठेवली. शिरेतून औषध सुरू झालं आणि लाली हळूहळू रेघेच्या खाली सरकायला लागली. मावशी रोज सकाळी पांघरूण बाजूला करून सगळ्या वॉर्डाला ती रेघ दाखवायच्या.

त्यांनी आमच्या वॉर्डाचीही बस करून टाकली होती. सकाळी वजन करायची वेळ झाली की त्या खाटेवरूनच हाकारायच्या, "चला चला, रांगेत! ढकलाढकली नको! कोपऱ्यातल्या आजी राहिल्या, त्यांना आधी घ्या!" आणि खरंच सगळ्या बायका रांगेत उभ्या राहायच्या. माझ्या ओरडण्याने जे जमलं नव्हतं ते त्यांच्या एका हाकेने व्हायचं. मला थोडा मत्सर वाटायचा, पण कामं वेळेवर होत होती म्हणून मी गप्प बसायचे.

अशा बाई एका सकाळी एकदम मुक्या झाल्या. रेघ दाखवली नाही, हाक मारली नाही. वेणी घातली, चादरीची घडी केली आणि म्हणाल्या, "सिस्टर, मला घरी जायचंय."

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी नीट समजावलं, "मावशी, अजून औषध शिरेतूनच द्यायला हवं. गोळ्यांवर भागणार नाही. मध्येच सोडलं तर सूज पुन्हा वर चढेल, आणि मग पाय वाचवणं अवघड होईल."

"पाय माझाच आहे ना?"

"तुमचाच आहे, म्हणून तर सांगतेय."

"मग माझं मी बघते. घरी कामं पडलीयेत."

आता कामं कुठली पडणार? त्यांच्या जागी बसवर त्यांची पुतणी जात होती. मी तसं म्हटलं तर मावशींनी मान वळवली. "हो, तिचं फार छान चाललंय," असं म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. यजमान येईपर्यंत थांबा, एवढं मी कसंबसं त्यांच्या गळी उतरवलं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला काका आले. साधा, सरळ माणूस. स्टुलावर टेकले आणि बायकोच्या तोंडाकडेही न बघता सुरू झाले, "तू अजिबात काळजी करू नकोस. सगळं झकास चाललंय. पोरगी एकदम तरबेज निघाली. मुलं नुसती ताई ताई करतात. तो फाटकाला लटकून भोकाड पसरणारा गोट्या आठवतो ना? आज टुणकन उडी मारून चढला! शाळेतल्या बाई म्हणाल्या, बस किती शांत झालीय हल्ली."

मी शेजारच्या खाटेची सलाईन बदलत होते. बसमावशींचा चेहरा पाहिला आणि मला सगळा उलगडा झाला. बिचाऱ्या बाईने त्या गोट्याला फाटकापासून सोडवण्यात किती सकाळी घालवल्या असतील, आणि तो मेला टुणकन चढला! ज्या माणसावाचून काही अडत नाही, त्याने औषध तरी कुणासाठी घ्यायचं? काका रोज येऊन बायकोला धीर देत होते आणि रोज तिला थोडं थोडं घालवत होते.

मी त्यांना बाहेर पाण्याच्या पिंपाशी ओढलं. "काका, तुम्हाला काही कळतं का? किती कौतुक कराल त्या पुतणीचं?"

"अहो सिस्टर, हिला घोर नको म्हणून..."

"तिला घोर हवाय! तुझ्यावाचून जरा अडतंय, एवढं सांगा की. लहानसं काहीतरी सांगा."

काका मान हलवत आत गेले. इथे माझं चुकलं. ज्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही, त्याला लहानसं खोटं जमत नाही.

"अगं, खरं सांगू का," ते म्हणाले, "सगळा सत्यानाश झालाय."

मावशी उठून बसल्या. "म्हणजे?"

"गोट्या आज बसमध्येच झोपला. कुणाचं लक्षच नाही! आणि त्या जुळ्यांतल्या एकाला भलत्याच घरी उतरवला. त्या घरच्यांनी त्याला जेवूसुद्धा घातलं."

"अगं बाई! कुठल्या जुळ्याला?"

"तो... धाकट्याला."

"आणि शाळेतल्या बाई?"

"त्या तर रडतच होत्या," काका म्हणाले. आता त्यांना चांगलाच रंग चढला होता.

मी दारातून हातवारे करत होते, पण बस उताराला लागली होती. मावशींनी पाय खाली सोडले आणि बोटांनी चप्पल चाचपायला लागल्या. "सिस्टर! कागद आणा. कुठे सही करायची ते दाखवा. माझी पोरं रस्त्यावर आलीत आणि मी इथे लोळत पडलेय!"

कागद आणावाच लागला. डॉक्टरबाई पुन्हा आल्या, पुन्हा समजावलं. मावशींनी पेन हातात घेतलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका माना उंच करून बघत होत्या. माझं डोकं तडकलं.

"बास!" मी ओरडले. "काका, या सगळ्या थापा आहेत ना?"

काका खाली बघायला लागले. "हो."

"काय?" मावशी म्हणाल्या. "मग गोट्या?"

"चढतो गं. खरंच चढतो. मुलांचं बरं चाललंय."

पेन कागदावर टेकलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे तुमचं सगळ्यांचं बरंच चाललंय तर."

"मुलांचं चाललंय," काका म्हणाले. "माझं नाही चाललं."

मी पुन्हा ओरडणार होते, तेवढ्यात त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"बस घरी नाही आणत मी," ते म्हणाले. "मैदानाजवळ उभी करतो आणि तिथून चालत येतो."

"का? बिघडलीय?"

"आपली गल्ली पुढून बंद. आत घालायची तर मागे घेत घेत न्यावी लागते. आरशात सगळं दिसतं मला. पण तू मागे उभी राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत नाहीस, तोवर माझा पाय ब्रेकवरून उचलतच नाही. पुतणीला उभं करून पाहिलं. ती बरोबर सांगत होती, तरी नाही जमलं. एवढा जुना ड्रायव्हर मी, कुठल्या तोंडाने सांगू? घरी गेलो तरी करमत नाही, मग परत मैदानाशी जाऊन बसमध्येच बसून राहतो." त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "तू आज अशीच आलीस आणि त्या पायाचं काही झालं, तर मी काय करायचं? मला तू दोन्ही पायांवर उभी राहिलेली हवीस. तोवर मी चालत येईन."

कोपऱ्यातल्या आजी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी उगाचच एका मदतनीस बाईवर बादली मध्ये ठेवल्याबद्दल खेकसले.

मावशींनी पेनाला टोपण लावलं आणि ते कागदासकट माझ्या हातात दिलं. मग आधी नवऱ्याला झापलं. "मैदानात उभी करता तर खिडक्या तरी लावता का? धूळ बसत असेल सगळ्या सीटांवर."

"लावतो."

"सगळ्या?"

"मागची एक अडकते."

"ती खालून दाबून सरकवायची असते. एवढंही सांगायला हवं!" त्यांनी पाय वर घेतले आणि पांघरूण ओढून घेतलं. चेहऱ्यावर हसू होतं आणि गालावरून पाणीही वाहत होतं, आणि दोन्ही लपवायची त्यांना काही घाई नव्हती. मग त्यांनी सुई लावलेला हात माझ्यापुढे धरला.

"लावा तुमची ती बाटली, सिस्टर. आणि अहो, बस तिथेच राहू द्या. मी आले की घेऊ मागे."