ओट्यावरचा खळगा

"दत्तूकाका, ह्यातली भोकं कुठे गेली?"

सुमय्या मॅडमनी दगडाचा काप खिडकीपाशी उजेडात धरला होता. दत्तूने खुशीत मान हलवली. "भरली ना मॅडम! काल संध्याकाळी थांबून भरली. हात फिरवून बघा, नखसुद्दा अडायचं नाय."

मॅडमनी हात फिरवला. नख खरोखरच अडलं नाही. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

दत्तूचा सगळा जन्म मार्बल पॉलिश करण्यात गेला होता. कळंबोलीच्या मानसिंग मिस्त्रीने त्याला पहिला धडा दिला तोच मुळी खड्डा बुजवण्याचा. मार्बलची पूड आणि रेझिन कालवून लांबी करायची, रंग जुळवायचा, खड्ड्यात दाबून भरायची, सुकली की घासायची. गिऱ्हाइकाला खड्डा सापडला तर तो मिस्त्री कसला! नेरूळच्या बिल्डिंगांमध्ये दत्तूने असे किती खड्डे गायब केले, त्याला गणती नाही. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तो एमआयडीसीतल्या ह्या प्रयोगशाळेत दगड कापायच्या कामाला लागला. समुद्रात तेलासाठी विहिरी खोदतात, त्यांच्या तळातून वर काढलेले चुनखडीचे दांडके इथे यायचे. ते उभे कापायचे, धुवायचे आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचे, एवढंच त्याचं काम.

काल आलेला दांडका पावासारखा जाळीदार होता. तो बघायला बाहेरचे साहेब लोक येणार होते. त्यात मैत्रीने, दत्तूच्या एकुलत्या एक लेकीने, फोनवर पुन्हा एकदा "ह्या रविवारी पण नाही जमत" म्हणून सांगितलं होतं. रिकाम्या घरी जाऊन करायचं तरी काय? समोर भोकं दिसत होती आणि हात शिवशिवत होते.

"चुकलं काय माझं?"

"अहो काका, मला भोकंच बघायची होती! तेल त्यातच तर साठतं."

दत्तूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा चेहरा बघून मॅडमच घाईघाईने म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ. ह्याचा दुसरा अर्धा भाग पेटीत आहे, त्यावर भागेल. पण परत असं करू नका हं."

त्याचा जीव भांड्यात पडला, पण पाय तिथून हलेनात. "मॅडम, दगडाला भोकं पडतात तरी कशी? कीड लागती काय?"

मॅडम हसल्या. त्यांनी पेटीतला भाग काढून समोर ठेवला. "हा दगड शंखशिंपल्यांचा बनलाय. सगळा चुनाच. मग कधीतरी समुद्र मागे हटला, दगड उघडा पडला आणि त्यात पावसाचं पाणी मुरायला लागलं. हवेतून, मातीतून येताना ते पाणी थोडंसं आंबट होतं. त्यात आधी विरघळले शिंपले. त्यांची जागा तशीच राहिली. मग पाणी त्याच वाटेने येत राहिलं, भोकं मोठी झाली, एकमेकांना मिळाली. तेल फार नंतर येऊन बसलं."

"म्हंजे लिंबू मार्बलला खातं, तसं?"

"अगदी तसंच. फक्त लाखो वर्षं. हे बघा, इथे बोट घाला."

दत्तूने बोट घातलं. आत शिंपला नव्हता, पण त्याच्या पाठीवरच्या रेघा बोटाला लागत होत्या. दत्तूने बराच वेळ बोट काढलं नाही.

शिरवण्याच्या त्याच्या घरात ओटा मार्बलचा होता, कामावरून उरलेले तुकडे आणून त्यानेच बसवलेला. बायको बयाबाई महाडकडची, तिला आंबटाशिवाय घास जायचा नाही. शेगडीच्या उजवीकडे तिची कोकमाची वाटी असायची, लिंबंही तिथेच पिळायची.

"पूस गं, मार्बल खातं ते!" दत्तू ओरडायचा.

"खाऊ दे की. त्याला बी लागत आसंल आंबट," म्हणून ती हसायची. संसार जुना होता होता तिथे खळगा पडला, वाटी नेमकी बसेल एवढा.

गेल्या हिवाळ्यात बयाबाई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं येणार म्हणून दत्तूने आदल्या दिवशी घर लख्ख केलं आणि तो खळगाही लांबी भरून घासून टाकला. मैत्री चहा ठेवायला ओट्याशी गेली, तिचा हात त्या जागेवरून फिरला आणि थांबला.

"बाबा, इथलं कुठे गेलं?"

"बुजवलं. बरं दिसतंय ना आता?"

तिने हात काढून घेतला आणि चहाचं आधण ठेवलं. त्यानंतर ती घरी आली नाही. तिची नोकरी, जावयाची आजारी आई, पनवेलहून यायची दगदग, दत्तू आपल्या मनाशी कारणं जुळवत बसला होता. आपल्या हातांनीच आपण लेकीला दूर लोटलं, हे त्याला आता ह्या टेबलाशी उभं असताना कळलं आणि त्याला भडभडून आलं.

घरी गेल्या गेल्या त्याने बारीक छिन्नी आणि दाभण काढलं. लांबी काही केल्या सुटेना. आपलं काम इतकं पक्कं असल्याचा दत्तूला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. निघेल तेवढी काढून त्याने फोन लावला.

"मैत्री, ओट्यावरची लांबी काढली मी. पुरती नाय निघाली. तू येऊन बघ."

"रविवारी येते," ती म्हणाली.

रविवारी ती आली ती चपला काढून थेट ओट्याशी गेली. खळगा ओबडधोबड झाला होता, एका बाजूला छिन्नी घसरून जास्तच खोल गेला होता. तिने बोटं फिरवली.

"असा नव्हता, बाबा."

"नव्हता. तसा मला नाय जमणार करायला," दत्तू म्हणाला. "तुझ्या आयशीलाच जमायचं ते."

मैत्रीने फळीवरून कोकमाची बरणी उतरवली, वाटीत कोकमं भिजत घातली आणि वाटी त्या जागेवर ठेवली. वाटी कलली. लाल पाणी मार्बलवर सांडलं. पॉलिशवाल्याचीच पोर ती, तिने पटकन फडकं उचललं.

दत्तूने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "खाऊ दे त्याला."