तडकलेला पाटा

"आवं, गाडी लई आदळती. कंबर पार मोडून गेली माझी," असं साखराबाई दोन वर्षं सांगत होती. अर्धापूरहून नांदेडला केळी न्यायची, तर घड घसरू नयेत म्हणून ती पिकअपच्या मागं, ताडपत्रीखाली घडांना पाठ लावून बसायची. नवऱ्याचं, रामलिंगचं, उत्तर ठरलेलं. "रस्ताच तसा हाय. मी काय करू?"

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्यानं केळ्यांवरचे आदळून पडलेले काळे डाग दाखवून माल परत पाठवला. बायकोचं दोन वर्षं ऐकू न आलेल्या कानांना व्यापाऱ्याचं मात्र एका दमात ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी रामलिंगनं घरी न सांगता गाडी गॅरेजात नेली.

मिस्त्रीनं मागच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे झिजलेले पोलादी पाटे उतरवले. त्यातला एक मधोमध तडकलेला होता आणि तड्यात आतपर्यंत गंज चढला होता.

"तडा जुना हाय, मामा. गाडी आदळून राहिली, हे कुणी सांगितलं न्हाई का?"

"नवे बसव," रामलिंग खाली बघत म्हणाला.

नवे पाटे बसल्यावरच्या पहिल्या खेपेला साखराबाई सवयीनं कमरेला फडकं आवळून मागं बसली. नांदेडला उतरली ती मात्र कमरेवर हात न ठेवता.

"रस्ता नवा केला व्हय हो?" तिनं हरखून विचारलं.

खरं सांगायला रामलिंगनं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते "हाव."

"बघा की," साखराबाई ओशाळून म्हणाली, "अन् मी उगंच तुमच्या गाडीला नावं ठेवत होते."