एकोणीस वर्षांपूर्वीची भरती

धाकटीने पट्टीवरचा आकडा दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून जपून वर आली. पट्टी म्हणजे धक्क्याच्या भिंतीला ठोकलेला, सेंटिमीटरच्या खुणांचा उभा खांब. भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा खाली उतरायचं, पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते लिहायचं, एवढंच काम. तीस वर्षं ते तिच्या बाबांच्या नावावर होतं. मागच्या वर्षी बाबा गेले आणि नोकरी तिला मिळाली. नोकरीबरोबर धक्क्यावरच्या दोन सरकारी खोल्याही राहिल्या.

बाहेरच्या खोलीत मुख्य कचेरीतून आलेला भूगर्भतज्ज्ञ सकाळपासून बाबांच्या वह्या उलटत बसला होता. त्याच्यासमोरचा चहा कधीच गार झाला होता.

"ताई, एक विचारायचंय," तो मान वर न करता म्हणाला. "हा खांब कधी बदललाय का? काढून परत ठोकला, असं काही?"

"का हो?"

"शेवटची अकरा वर्षं बाबांच्या वहीत पाणी आहे तिथेच आहे. तुम्ही लिहायला लागलात त्या महिन्यात ते एकदम अकरा सेंटिमीटर वर. समुद्र अशी उडी मारत नाही."

आतल्या खोलीत आई उशीच्या खोळीला टाके घालत होती. कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि चढलं असलं पाणी, तर?" धाकटीने विचारलं.

त्याने दोन वह्या समोरासमोर ठेवल्या आणि एक दुसरीच्या खाली सारायला लागला. "समुद्राचा तळ असा येतो आणि जमिनीखाली शिरतो. वर्षाला वीतभरही नाही, पण थांबत नाही. जिथे तो वाकून खाली जातो तिथे समुद्रात लांबच लांब दरी पडते. इथून शंभरेक किलोमीटरवर आहे ती, सात किलोमीटर खोल. तळ नुसता सरकत राहिला, तर कुणाचं काही बिघडत नाही."

मग त्याने वरच्या वहीवर तळहात दाबला. खालची वही पुढे जाताना वरचीची कड आपल्याबरोबर ओढून न्यायला लागली.

"अडकला, तर हे असं. काठ खचत जातो आणि आपल्याला वाटतं पाणी चढतंय. पन्नास वर्षं, शंभर वर्षं. मग एक दिवस सुटतं."

त्याने हात काढला. वहीची कड उसळली आणि पेन्सिल टेबलावरून खाली पडली.

"कड वर येते, ती डोक्यावरचा समुद्र घेऊनच, आणि ती लाट थेट काठावरच्या गावात शिरते. बाबांच्या वह्या सांगतात की इथे तसं काही नाही, सगळं सुरळीत सरकतंय. म्हणून तर खालच्या मैदानातल्या शाळेला परवानगी मिळाली." त्याने वाकून पेन्सिल उचलली. "खांब बदलला असेल तर प्रश्नच मिटला. तेवढे अकरा वजा करायचे."

धाकटीने ओली वही पदराने पुसली. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

कॉलेजात असताना ती एकदा सुट्टीला घरी आली होती. तेव्हा स्वयंपाकघरात आईसमोर दोन वह्या उघड्या होत्या, एक नवी आणि एक एकोणीस वर्षं जुनी. चंद्र एकोणीस वर्षांनी पुन्हा त्याच तारखेला तसाच येतो आणि भरती-ओहोटीही जवळपास तशीच होते, हे बाबांनीच घरात सांगितलेलं. आई जुन्या वहीतला आकडा बघायची, शेवटचा अंक जरा इकडेतिकडे करायची आणि नव्या वहीत लिहायची. बाबा खिडकीशी बसून होते. डोळ्यांवर पडदा पडल्यासारखं झालं होतं त्यांना. दारात कोण उभं आहे ते त्यांना पावलांवरून कळायचं. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही आणि पुढेही कधी विषय निघाला नाही.

"हो," धाकटी म्हणाली. "बदललाय. मागच्या वर्षी, बाबा गेले त्याच्या आसपास."

त्याने ते लिहून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "जीव भांड्यात पडला बघा. कचेरीत कळवून येतो," म्हणत तो फोन घेऊन बाहेर गेला.

आई भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत आली.

"खांब कधी बदलला?"

"आई, बस तू."

"शाळेचं काय म्हणत होता?"

"काही नाही."

"बहिरी नाही झाले गं मी अजून." आईने वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "बोलाव त्याला आत."

"बोलावून काय करशील? बाबांच्या नावाला काळं लागेल. या खोल्या जातील. या वयात कुठे राहणार आहेस?"

"तू बोलावत नसशील तर मीच जाते. त्या पायऱ्या उतरलेय मी."

धाकटी थबकली. "तू कधी उतरलीस?"

आई दाराकडे वळली. भूगर्भतज्ज्ञ दारात उभा होता. त्याच्या फोनला रेंज मिळाली नव्हती.

"साहेब, खांब तोच आहे," आई म्हणाली. "आकडे माझे आहेत. अकरा वर्षांचे."

त्याने धाकटीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. आईने खुर्ची ओढली आणि बसली. बोलताना तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका साधा होता.

"यांना दिसेनासं झालं. नोकरी गेली असती. म्हणून मी उतरायला लागले, रात्री नाहीतर पहाटे, कुणी बघणार नाही अशा भरती-ओहोटीला. दोन वर्षं एकही खाडा केला नाही. पाणी वाचायचे आणि तेच लिहायचे. आकडा चढत चालला होता. मला वाटायचं माझंच चुकतंय, म्हणून परत उतरायचे, परत वाचायचे. मग कचेरीतून पत्र आलं. तुमच्या मोजणीत दोष आहे, डोळे तपासून दाखला पाठवा, दोन वर्षांचे तक्ते दुरुस्त करून द्या."

"मग?"

"मग मी घाबरले. जुन्या वहीवरून नवे तक्ते केले. ते कचेरीला पसंत पडले. पुढे उतरायची गरजच उरली नाही."

"आणि ते खरे?"

"चुलीत घातले."

तो हळूच समोर बसला. शाळेचं नाव लिहिलेला कागद त्याने उगाचच उलटा करून ठेवला. आई अंधारात त्या पायऱ्यांवर, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात वही, हे चित्र धाकटीने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"आजी," भूगर्भतज्ज्ञ म्हणाला, "त्या दोन वर्षांत किती चढलं होतं? अंदाजे तरी आठवतंय?"

आईने डोळे मिटले. मग उजवा हात वर करून तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडी जागा सोडून दाखवली. हात थरथरत होता. त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि बोटांना लावली, पण आकडा धरता येईना.

धाकटी पुढे झाली. तिने दोन्ही हातांनी आईचं मनगट घट्ट धरलं.

"एवढं?" त्याने विचारलं.

"थांबा," आई म्हणाली आणि तिने बोटं आणखी थोडी फाकवली.