दाटीत वाढलेला शिंपला

मित्रांनो, जपानमधल्या सेंदाई शहराजवळ समुद्रातल्या एका खडकाला मी वर्षानुवर्षे चिकटून आहे. मी एक जुना काळा शिंपला. जुना असूनही तुमच्या अंगठ्याएवढाच आहे, कारण मी दाटीत वाढलो.

लहानपणी मी पाण्यावर तरंगणारा कण होतो. लाटेने मला इथे आणून टाकले. मी बारीक धागे काढून खडक धरला, खडक पुरेना तेव्हा शेजाऱ्याला धरले. भरतीच्या पाण्यातले अन्न कडेचे शिंपले आधी खात. आमच्यापर्यंत थोडेच यायचे. काही जण दबून मेले. त्यांची रिकामी कवचे आमच्यातच अडकून राहिली. पुढेपुढे मला त्याचे काही वाटेनासे झाले.

चारुता पुण्याहून इथल्या विद्यापीठात संशोधनासाठी आली होती. ओहोटीला ती मुलीला, मैथिलीला, घेऊन यायची. मैथिली जपानीत विचारायची, आई मराठीत उत्तर द्यायची. एकदा चारुताने प्रयोगासाठी खडकावर चौकोन आखले आणि आमच्या लगतच्या चौकोनातले निम्मे शिंपले सुरीने काढले. माझा शेजारी त्या चौकोनात उरलेल्यांपैकी होता. आमच्यातले धागे तुटले.

मोकळ्या जागेत तो भराभर वाढला, माझ्या दुप्पट झाला. मैथिली त्यालाच हात लावून बघायची. उन्हाळ्यात आमचाही चौकोन विरळ करायचे ठरले.

पण त्या उन्हाळ्यात दुपारच्या ओहोटीला खडक भाजू लागला. आम्ही एकमेकांच्या सावलीत, ओलाव्यात तगलो. मोकळ्यावरचे बहुतेक मेले. शेजाऱ्याचे कवच उघडे पडले. मी मिटून राहिलो.

चारुता सुरी घेऊन आली आणि ते पाहून थांबली. या वेळी मैथिली मराठीत बोलली.

"आई, तू जागा केलीस म्हणून ते मेले?"

चारुता खाली बसली. "हो. जागा मिळाली म्हणून वाढले, आणि सावली गेली म्हणून मेले."

तिने सुरी पिशवीत टाकली. प्राध्यापकांना फोन करून, आता आणखी शिंपले काढणार नाही, प्रयोग अर्धवट राहिला तरी चालेल, असे तिने सांगितले. तेवढ्यात मैथिलीने बादलीभर समुद्राचे पाणी आणून आमच्यावर ओतले. त्याने मोजमाप बिघडणार होते. चारुताने तिला अडवले नाही.

मला बरे वाटले की नाही, सांगता येत नाही. मी किंचित उघडलो, एवढेच.

मित्रांनो, आम्हाला उपटण्याआधी जरा वाकून पाहा. कोण कोणाच्या सावलीत जगते आहे, ते वरून दिसत नाही.